थाळी वाजवून बाळाचं ऐकणं तपासू नका

बाळ थाळीच्या आवाजाला दचकलं, म्हणून पुण्यातली कितीतरी घरं निश्चिंत होतात. पण थाळीचा हादरा, हलणारी सावली यांनीही ते दचकतं. शिवाय ऐकण्यात मध्यम दोष असलेल्या बाळाला मोठे आवाज ऐकू येतातच.

खरी तपासणी म्हणजे ओएई, नवजात बाळाच्या कानाची यंत्राने होणारी चाचणी. कानात मऊ टोक बसवून बारीक आवाज सोडतात आणि कानाच्या आतून येणारा प्रतिसाद मोजतात. बाळ दूध पिऊन गाढ झोपलेलं हवं. पहिल्या 24 तासांत कानात ओल, चिकटा असतो, त्यामुळे 'रेफर' (म्हणजे चाचणीत पास नाही) असा निकाल येऊ शकतो. याचा अर्थ बहिरेपण नव्हे, पण पुन्हा तपासायला जायचंच! एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची बेराच करावी, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी चाचणी. ऐकण्याच्या नसेतला दोष ओएईत लक्षात न येता निसटतो.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी. यंत्र शिट्टी मारू लागलं तर बहुधा कान वाढून मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, सैल झालेला असतो. आवाज कमी करत बसू नका, नवा मोल्ड घ्या. तान्ह्या बाळाला तो वरचेवर बदलावा लागतो. आणि अंघोळ घालताना, लंगोट बदलताना, त्याच्याकडे बघत, जवळून, भरपूर बोला.