धाकट्याचा प्राणायाम

गर्द, म्हणजे हेरॉइनची नशा, बंद झाली म्हणजे व्यसन संपलं, असं आमच्या नातेवाइकांना वाटतं. माझ्या धाकट्या भावाचे हाल तर त्यानंतरच सुरू झाले. रात्रभर पाय ओढायचे, झोप नाही, आणि संध्याकाळ झाली की तलफ.

आता तो पहाटे उपवन तलावाकाठी सतरंजी टाकतो. आधी सूर्यनमस्कार, तेही सावकाश, कारण अंगात अजून ताकद कमी आहे. मग श्वास: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. तलफ लाटेसारखी चढते नि उतरतेही. तेवढा वेळ निभावून नेणं महत्त्वाचं. परवा ठाणे स्टेशनबाहेर त्याला नशेतला जुना सोबती दिसला. "ताई, मी तिथेच उभा राहून श्वास मोजले आणि सरळ रिक्षात बसलो," म्हणाला. मला भरून आलं.

पण 'योग करतोय ना, मग गोळ्या कशाला?' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे तलफ कमी करणारी गोळी, तो घेतोच, व्यसनमुक्ती गटाच्या बैठकीलाही जातो. तुमच्या घरात कुणी अडकलं असेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. आधी तिथे फोन करा.