राजाचं आडनाव

मुंबईच्या केईएम रुग्णालयात कुणाला बघायला गेलं की लिफ्टसमोर बराच वेळ मिळतो. परवा तिथे उभ्याउभ्या ‘राजे एडवर्ड स्मारक’ हे शब्द मनाशी घोळवत होतो. म्हटलं, या गृहस्थाला, म्हणजे इंग्लंडच्या सातव्या एडवर्डला, घरात कुणी एडवर्ड म्हणतच नव्हतं! नाव अल्बर्ट एडवर्ड, हाक ‘बर्टी’. मुलाने राजा झाल्यावर दोन्ही नावं लावावीत अशी आईची, म्हणजे व्हिक्टोरियाची, फार इच्छा. १९०१ साली ती गेली आणि चिरंजीवांनी अल्बर्ट गाळून टाकलं. अर्थात आईला तरी बोलायला जागा कुठे होती? तिचं पहिलं नाव अलेक्झांड्रिना. पुढे नातवाच्या मुलाचं नावही अल्बर्ट ठेवलं, त्यालाही घरात बर्टीच म्हणत, आणि १९३६ मध्ये गादीवर बसताना तोही सहावा जॉर्ज झाला. अल्बर्ट नावाचा राजा इंग्लंडच्या नशिबातच नव्हता.

इंग्लंडच्या राजघराण्यांच्या आडनावांची गंमत तर याहून मोठी. स्ट्यूअर्ट म्हणजे मूळचा ‘स्ट्यूअर्ड’, राजवाड्याचा कारभारी. आपल्याकडे जसे फडणीस नि चिटणीस, तसंच. बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजाने हे पद एका घराण्याला दिलं, ते वंशपरंपरेने चालत राहिलं, आणि हुद्द्याचंच आडनाव झालं. पुढे रॉबर्ट ब्रूस राजाची मुलगी या कारभाऱ्यांच्या घरात पडली आणि तिचा मुलगा १३७१ मध्ये थेट राजा झाला. १६०३ पासून इंग्लंडचं सिंहासनही त्यांच्याकडेच.

ट्यूडर मंडळी वेल्सची. तिथे आडनाव नसेच. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबांचं. सातव्या हेन्रीचे आजोबा म्हणजे ओवेन, मेरेडिथचा मुलगा, ट्यूडरचा नातू. इंग्रजांच्या तोंडी यातलं शेवटचं नाव बसलं. मधलं बसलं असतं तर सहा बायका करणारा तो आठवा हेन्री ‘मेरेडिथ’ म्हणून ओळखला गेला असता. दरारा जरा कमीच वाटला असता, नाही?

त्याआधीचे प्लँटॅजेनेट. फ्रान्समधल्या आंजूचा जेफ्री टोपीत एका पिवळ्या रानफुलाचा तुरा खोवायचा म्हणे, त्या झुडपाचं लॅटिन नाव घराण्याला चिकटलं. पण ते आडनाव म्हणून लावायला सुरुवात झाली ती पंधराव्या शतकात, जेफ्रीला जाऊन तीनशे वर्षं झाल्यावर!

आणि विंडसर? हे तर सगळ्यात नवं. १९१७ साली जर्मनीशी युद्ध पेटलेलं, लंडनवर बॉम्ब टाकणाऱ्या जर्मन विमानांचं नाव ‘गोथा’ आणि राजाचं घराणं ‘साक्स-कोबुर्ग-गोथा’. लोक काय म्हणतील! राजाचं खरं आडनाव काय, याची चौकशी केली तर जाणकारांनाही ठामपणे सांगता येईना. मग चिटणिसाने राजवाड्याचं नाव सुचवलं आणि १७ जुलैला पाचवे जॉर्ज विंडसर झाले. आपल्या भाषेत विंडसरकर. नातलग बॅटनबर्ग होते, त्यांनी जर्मन ‘बर्ग’चं इंग्रजीत ‘माउंट’ केलं आणि शब्द उलटा फिरवून माउंटबॅटन झाले. त्यांच्यापैकीच एक पुढे आपल्याकडे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून आले.

केईएमवाल्या बर्टीचा मात्र मुंबईने वेगळाच हिशेब केला. युवराज असतानाचा त्याचा घोड्यावरचा पुतळा फोर्टात होता. लोकांनी वर कोण बसलंय ते पाहिलंच नाही, जागेला नाव पडलं काळा घोडा. १९६५ मध्ये पुतळा हलवून राणीच्या बागेत नेला, नाव जागेवरच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, पाठीवर कुणीही नसलेला.

लिफ्ट आली तेव्हा शेजारच्या बाई विचारत होत्या, “केईएम म्हणजे काय हो?” मी तोंड उघडेपर्यंत दार बंद होऊ लागलं होतं.