इकडील काळजी नसावी

नोव्हेंबर लागला की आमच्या पोस्टात अंगठ्यांचा हंगाम सुरू होतो. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात शाखा डाकपाल आहे. सरकारी कागदावर ग्रामीण डाक सेवक, गावात पोस्टमास्तर. आमचं गाव अपशिंगे मिलिटरीसारखं नावाजलेलं नाही. अपशिंग्याची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली, त्याची शिळा तिथे आहे. आमच्याकडे शिळा नाही, पेन्शनरांची यादी आहे. ती माझ्या वहीत असते.

हयातीचा दाखला काढायला पूर्वी बँकेच्या दारात रांग लागायची. आता पोस्टाच्या पेमेंट बँकेतर्फे आम्हीच घरी जातो. आधार नंबर, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, खातं, मोबाइल एवढं घ्यायचं, यंत्रावर अंगठा ठेवायला सांगायचं, सत्तर रुपये घ्यायचे. मेसेज आला की माणूस सरकारदरबारी आणखी एक वर्ष जिवंत. काम पाच मिनिटांचं. पण म्हाताऱ्यांचे अंगठे पाच मिनिटांत ऐकत नाहीत. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेषाच उरत नाहीत.

तात्यांचा अंगठा तर कधीच लागला नाही. दहाही बोटं झाली की ते म्हणायचे, "आता पायाची घ्या." चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय झाल्यावर आम्ही दोघंही सुटलो. त्यात मोबाइलसमोर नुसती पापणी मिटायची असते. बसून चालतं, खाटेवर पडून चालतं. तात्या मात्र उठून, शर्टाचं वरचं बटण लावून, भिंतीला पाठ न टेकता सावधान उभे राहायचे. मेसेज वाजला की मोठ्याने म्हणायचे, "हजर!" आतून काकींचा आवाज यायचा, "कळलं. बसा आता."

आमच्याकडे पलटणीतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो शिपाई असो की सुभेदार. तात्या हवालदार होऊन सुटले, पण गावाचे मेजरच. १९६३ साली बेळगावला भरती झाले, पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत. १९८५ला घरी आले आणि पुढे पंधरा वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. दोन मुली, एक मुलगा. दोन्ही मुली शिकून नोकरीला लागल्या, त्यातली थोरली आता आजी झालीय. मुलगा पुण्यात कंपनीत. ऐंशी पूर्ण झाल्यावर पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते. तशी ती वाढली तेव्हा तात्या मला म्हणाले, "सरकार म्हणतंय, टिकून राहा, पगारवाढ हाय." त्या पैशातून पहिल्यांदा घरात कपडे धुवायचं मशीन आलं. काकींचा उजवा हात मनगटात मोडून वाकडाच जुळला होता, तो डोक्याच्या वर जात नसे. त्यामुळे धुणं मशीनवर गेलं आणि वेणी तात्यांकडे आली.

ती वेणी मी पाहिलेली आहे. सकाळी टपालाची पिशवी घेऊन त्यांच्या ओट्यावरून जाताना काकी पायरीवर बसलेल्या आणि तात्या मागे पाटावर. एका हातात फणी, दातांत रिबन. बुटाची लेस आवळावी तशी वेणी आवळायचे. काकींच्या भुवया वर ओढल्या जायच्या. "परेडला न्हाई निघाले मी," त्या म्हणायच्या. तात्या रिबन तोंडात असल्यामुळे उत्तर देत नसत. गावात कुणी यावर हसलेलं मला आठवत नाही. एकदा चावडीवर कुणीतरी सुरुवात केली होती, पण तात्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

२०२५च्या दसऱ्यानंतर आठच दिवसांनी, तात्या झोपेतच गेले. एक्याऐंशी वर्षांचे होते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी यंत्र घेऊन त्यांच्या वाडीत गेलो. वहीत त्यांच्या नावापुढे रेघ मारलेली होती, तरी पाय तिकडे वळले. शिवाय मुलाचा फोन आलेला. काकींची फॅमिली पेन्शन अडली होती. आधी मी नेहमीची गोष्ट सांगितली, कारण यात पुष्कळ घरं फसतात: माणूस गेल्यानंतरच्या महिन्याचं पेन्शन खात्यात पडलं असेल तर त्याला हात लावू नका, ते परत मागतात. मुलाने मान हलवली आणि कागद पुढे केला. एका कार्यालयातून अर्ज परत आला होता. शेरा चार शब्दांचा: पत्नीचे नाव जुळत नाही.

आधारवर काकींचं सासरचं नाव. तात्यांच्या डिस्चार्ज बुकात आणि पीपीओवर वेगळंच. दोन्ही नावं इथे लिहीत नाही, काकींना ते आवडायचं नाही. हे प्रकरण मला नवं नव्हतं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची रीत. बाई एका नावाने जेवायला बसते आणि दुसऱ्या नावाने उठते. पण बहुतेक घरांत पलटणीच्या कागदावर नवं नाव असतं, जुनं शाळेच्या दाखल्यावर. इथे उलटं. लग्न १९६७चं, भरतीनंतरचं. म्हणजे तात्यांनी लग्नानंतर स्वतः जाऊन कंपनीच्या क्लार्कला माहेरचं नाव सांगितलं होतं.

"असं का केलं तात्यांनी?" मी विचारलं.

काकी बराच वेळ पदराचं टोक चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवं नाव सासूबाईंनी ठेवलं. ह्यास्नी न्हाई आवडलं. चारचौघांत काय बोलायची सोय नव्हती. पर दोघंच असलो की जुन्याच नावानं हाक मारायचं."

मुलगा पन्नाशीचा. तो आईकडे बघतच राहिला. त्याला हे माहीत नव्हतं.

आणखी काही पुरावा मिळतोय का म्हणून ट्रंक काढली. पलटणीची काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, ‘पूर्वी स्टार’ पदक, एक जाड गंजीफ्रॉक आणि बुटाच्या लेसने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा. मला वाटलं तात्यांनी घरी पाठवलेली पत्रं असतील. नव्हती. ती घरून तात्यांना गेलेली होती. पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी ९९ एपीओ. गाव नाही, जिल्हा नाही. पलटण कुठे आहे हे लिहिणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. पत्र आधी कलकत्त्याच्या डाकघरात जातं आणि तिथून लष्कराची डाक त्याला पुढे शोधून काढते.

एक पाकीट मी उजेडात धरलं. पोस्टातल्या माणसाची नजर आधी तिकिटावर जाते. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं लालसर तिकीट, कुटुंब नियोजनाचं, आई-बाप आणि दोन पोरांच्या चेहऱ्यांचं, आणि त्याच्यावर निर्वासितांच्या मदतीचा काळा छाप. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर हे जादा पाच पैसे सक्तीचे झाले होते. पूर्व बंगालमधून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून, आलेल्या निर्वासितांसाठी. शिक्क्यावर डिसेंबर १९७१ वाचता येत होतं, तारीख पुसलेली.

मग मी पत्त्याचं अक्षर पाहिलं. ते माझ्या वडिलांचं होतं.

वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या पडवीत पोस्ट चालवायचे. अशा जोडधंदेवाल्या पोस्टमास्तरांना तेव्हा ई.डी., म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहिणं हे त्या पगारात धरलेलंच होतं. शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं टांगायची त्यांची सवय मी हजार वहीत ओळखेन. मी पत्र वाचलं. शिरसाष्टांग नमस्कार. गेल्या महिन्याची मनिऑर्डर पोचली. म्हैस व्याली, रेडकू आहे. मुलीचा ताप उतरला. शाळू बरा आहे. इकडील काळजी नसावी.

"ह्यातलं निम्मं मी सांगितलंच न्हाई," काकी म्हणाल्या. "मी म्हणलं, मास्तर, लिवा, रातीची झोप लागत न्हाई, भ्या वाटतंय. मास्तर म्हणले, लढाईवरल्या माणसाला असलं कळवू नये. आन् लिवलं, काळजी नसावी. पोरीचा ताप तर उतरलाच नव्हता."

मी काय बोलणार? वडील चुकले असं मला वाटत नाही, बरोबर होते असंही छातीठोक म्हणवत नाही. पत्राच्या घडीत कोपऱ्यावर एक पिवळा डाग होता. बोट लावलं तर अजून किंचित रंग लागला. पालीच्या खंडोबाचा भंडारा. मास्तर पाकीट चिकटवायला डिंक आणायला आत गेले तेवढ्यात काकींनी तो घडीत सोडला होता. जे लिहून द्यायचं नव्हतं ते त्यांनी असं पाठवलं. टपालातून पूड पाठवू नये, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या डिसेंबरात तात्या आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. ब्रह्मपुत्रेचं जुनं पात्र ओलांडून पलटण शहराच्या मागे जाऊन बसली, १० डिसेंबरच्या रात्री समोरच्यांनी वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला आणि सकाळपर्यंत ते संपलं, एवढंच सांगायचे. पण मी पोस्टाचा म्हणून एक गोष्ट मला दोनदा-तीनदा सांगितली. लढाईच्या आदल्या दिवशी आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली होती, तिथल्याच एका म्हाताऱ्याच्या हाती. उत्तर आलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. तात्यांना गोळीचं विशेष वाटत नसे. "त्यो म्हातारा बघा," म्हणायचे, "दोन्हीकडनं बंदुका रोखलेल्या, आन् गडी टपाल घेऊन चाललाय." मग पुढे १२ तारखेला टांगाईलजवळच्या पुंगलीच्या पुलावर छत्रीधारी पलटण भेटली, तीही जुनी तिसरी मराठा. अंधारात समोरून मराठी शिवी ऐकू आली तेव्हा आपण वाचलो हे कळलं, असं ते हसत सांगायचे.

इकडे त्या महिन्यात मनिऑर्डर आली नाही. काकी रोज पडवीशी येऊन उभ्या राहायच्या. काही विचारायच्या नाहीत. जानेवारीत दोन महिन्यांची एकदम आली. "मास्तर धावत आलं," त्या म्हणाल्या. "चपला इसरून."

ट्रंक बंद करून आम्ही कामाला लागलो. डिस्चार्ज बुकाची नक्कल, एकाच बाईची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, आधार, आणि बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. तिथून नावाची दुरुस्ती झाली की पुढचं सुरळीत होतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक फेरी मारावी लागेल, ते मुलावर सोपवलं. पत्रांचा कायद्याने उपयोग नव्हता. ती काकींनी मोजून परत लेसमध्ये बांधली.

अर्ज लिहायला मी कागद घेतला. नमुना मला पाठ आहे: उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "मी सांगते तसं लिवा."

"सांगा."

"लिवा, नावं दोन हायती, बाई एकच हाय. पयलं नाव मालकांनी सांगितलं कारण त्येंना तेच आवडायचं."

मी क्षणभर पेन धरून बसलो. मुलगा म्हणाला, "आई, असं नसतं लिहीत अर्जात." मी उपरोक्त विषय वर लिहिला आणि त्याखाली काकींचं वाक्य, हायतीसकट, जसंच्या तसं. खाली त्यांचा डाव्या हाताचा अंगठा.

"रजिस्टर करा," काकी म्हणाल्या. मी सांगितलं, रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही, १ सप्टेंबरपासून स्पीड पोस्टात मिसळलंय. त्यांना ते पटलं नाही. "पावती तरी मिळंल न्हवं?"

मिळाली. ती त्यांनी ट्रंकेत टाकली. तेवढ्यात सून फणी घेऊन बाहेर आली आणि मागे बसली.

"सैल नको घालू," काकी तिला म्हणाल्या.