दोन्हीकडे पूर्ण शिष्यवृत्ती, मग मेडिकल स्कूल कोणतं निवडायचं?

अमेरिकेतल्या दोन मेडिकल स्कूलनी पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली, तर आधी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा. एकात फक्त ट्यूशन असते, दुसऱ्यात घरभाडं, जेवणही. राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या रकमेवर केंद्रीय आयकर लागतो. संशोधनासाठी मध्ये एक वर्ष थांबलात तर शिष्यवृत्ती टिकेल का, हे लेखी मागा. तोंडी आश्वासन धरू नका.

पैसे सारखे निघाले, की माझ्या मते खरा निकष तिसरं वर्ष, म्हणजे क्लर्कशिपचं (वॉर्डात रुग्णांसोबत शिकण्याचं) वर्ष. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेतल्या स्टेप १ चा निकाल केवळ पास-नापास लागतो. त्यामुळे रेसिडेन्सीसाठी (पदवीनंतर एखाद्या शाखेत घ्यायच्या प्रशिक्षणासाठी) त्याच परीक्षेतल्या स्टेप २ सीकेचे गुण आणि क्लर्कशिपच्या ग्रेड यांचं वजन वाढलं. सुरुवातीची वर्षं पास-नापास ठेवणारी स्कूल्सही पुष्कळदा वॉर्डात ऑनर्स ही वरची ग्रेड देतात. किती टक्के विद्यार्थ्यांना, ते विचारा.

तुमच्या मनातल्या शाखेची रेसिडेन्सी त्यांच्याच हॉस्पिटलात आहे का? नसेल तर त्या शाखेतली शिफारसपत्रं मिळवायला बाहेरच्या हॉस्पिटलांत रोटेशन (काही आठवडे काम करत शिकणं) करावी लागतात आणि तो प्रवासखर्च शिष्यवृत्तीत धरलेला नसू शकतो. याची खरी उत्तरं चौथ्या वर्षाचे विद्यार्थी देतात. प्रवेश कार्यालयाकडून त्यांचे संपर्क मागून घ्या.