मस्करॅट, वर्गमूळ आणि कोल्ह्याचा अंश

1905 साली प्रागजवळ पाच मस्करॅट सोडले गेले. हा उत्तर अमेरिकेतला पाणथळीत राहणारा, फरसाठी पाळला जाणारा प्राणी. पुढच्या वीसेक वर्षांत तो मध्य युरोपात दूरवर पसरला. 1951 साली संख्याशास्त्रज्ञ स्केलॅम यांनी त्याचे नकाशे घेतले, सालवार सीमेच्या आतलं क्षेत्रफळ मोजलं आणि त्याचं वर्गमूळ काळासमोर मांडलं. जवळजवळ सरळ रेघ आली! नुसतं क्षेत्रफळ मांडलं असतं तर रेघ वर वाकत गेली असती आणि प्राण्याचा वेग वाढतोय असं वाटलं असतं. वर्गमूळाला √π ने भागलं की त्रिज्या मिळते, आणि तिच्या रेघेचा चढ म्हणजे आघाडीचा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या सीमेचा, वेग.

सूत्र छोटं आहे: वेग = 2√(rD). r म्हणजे वस्ती विरळ असतानाची दरडोई वाढ. D म्हणजे प्राणी इकडेतिकडे पसरण्याचा दर. तो काढायला खूण केलेले प्राणी पुन्हा पकडायचे, कापलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी घ्यायची आणि 4t ने भागायचं; t म्हणजे मधे गेलेला काळ. समजा r वर्षाला 0.4 आणि D 10 चौ. किमी प्रतिवर्ष, तर वेग वर्षाला 4 किमी. r चौपट झाला तरी वेग दुप्पटच.

घोळ होतो तो D मध्ये. सापळ्यांच्या पट्ट्याबाहेर गेलेला प्राणी परत सापडतच नाही, म्हणून D कमी भरतो. पसरण्याचा वेग मात्र अशा लांब जाणाऱ्यांच्याच हाती असतो. फार लांबच्या उड्या पुरेशा वारंवार पडत असतील, तर एकच ठरलेला वेग शोधण्यात अर्थ नाही. तो वाढतच जातो.

हेच पसरणं संगणकावर चालवायला नकाशाचे 2 किमीचे चौकोन घेतले, तर याच आकड्यांसाठी साध्या पुढे-पुढे चालणाऱ्या पद्धतीत काळाची पायरी 0.1 वर्षापेक्षा मोठी चालत नाही. ओलांडलीत तर बुद्धिबळाच्या पटासारखी धन-ऋण संख्या उमटते. चौकोनही आघाडीच्या जाडीपेक्षा, म्हणजे √(D/r) = 5 किमीपेक्षा, बरेच लहान हवेत.

सगळ्यात लबाड चूक मात्र दशांशातली. कोल्ह्यांच्या रेबीजच्या एका प्रसिद्ध मॉडेलमध्ये पहिली लाट ओसरल्यावर चौरस किलोमीटरमागे रोगी कोल्हे उरतात 10⁻¹⁸, आणि त्या अंशातून दुसरी लाट उठते! संख्याशास्त्रज्ञ मॉलिसन यांनी 1991 मध्ये यावर बोट ठेवलं. एकापेक्षा कमी प्राणी उरलेला चौकोन शून्य करावा, तर वेग 2√(rD) च्या खाली येतो, कारण लाट ओढते ती तिची पातळ कडाच. शिवाय उत्तर चौकोनाच्या आकारावर अवलंबून राहतं. त्यापेक्षा जन्म-मृत्यू पूर्णांकात, यादृच्छिकपणे काढावेत आणि तोच प्रयोग शंभरदा चालवावा.