मोल्टन कोअरमधले माझे पहिले तीन बुधवार

२७ ऑगस्ट २०१९ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक', म्हणजे त्या ऑनलाइन खेळाचे जुने रूप, सुरू झाले, तेव्हा मूळ खेळाला पंधरा वर्षे होत आली होती आणि मी तो एकदाही खेळलेले नव्हते. एक नोकरी सोडून दुसरी सुरू होईपर्यंतचे काही महिने माझ्या हाती मोकळे होते. निगडीला राहणारा माझा मावसभाऊ कॉलेजपासून हा खेळ खेळत आला आहे. त्याच्या सांगण्यावरून मी ड्वार्फ (बुटक्या) जातीची प्रीस्ट, म्हणजे इतरांना बरे करणारे पात्र, घेतली आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साठाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोहोचले. तोवरचा प्रवास बहुतेक एकटीने किंवा पाच जणांच्या गटात झाला होता. त्यानंतर दादाने मला त्याच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, घेतले आणि मोल्टन कोअर या आगीच्या गुहेतल्या चाळीस जणांच्या रेडमध्ये (मोहिमेत) नाव घालायला सांगितले.

ड्वार्फ जातीचा आग्रह कशासाठी होता, ते मला तेव्हा कळले. मोल्टन कोअरमधला दुसरा बॉस (मोठा शत्रू) मॅगमाडार ठरावीक वेळाने सगळ्यांना घाबरवून सैरावैरा पळायला लावतो. बॉसचे घाव अंगावर घेणारा टँकच पळाला तर बॉस मोकळा सुटून इतरांवर तुटून पडतो. त्या भीतीपासून आधीच संरक्षण देणारा 'फिअर वॉर्ड' हा मंत्र क्लासिकमध्ये फक्त ड्वार्फ प्रीस्टकडे असतो. म्हणजे मी नवखी असले तरी गिल्डला माझी गरज होती, आणि ही जाणीव मला फार मोलाची वाटली.

आमचा सर्व्हर युरोपातला होता. तिथले रात्रीचे आठ म्हणजे पुण्यातले साडेअकरा, त्यामुळे कोथरूडच्या घरात आई-बाबा झोपल्यावर मी हेडफोन लावून बसत असे. पडद्याच्या कोपऱ्यात पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या वर दिसे आणि आपले सारे अपयश त्या आकड्यावर ढकलण्याचा मोह होई.

पहिल्या बुधवारची तयारी मी मनापासून केली. आत जाण्याची परवानगी मिळवण्यासाठी ब्लॅकरॉक डेप्थ्स या भुयाराच्या तळाशी जाऊन कोअरचा तुकडा आणावा लागतो. ते काम दादा आणि आणखी तिघांनी एका दुपारी माझ्याबरोबर करून दिले. आगीपासून वाचवणारी पोशन्स घेतली, माना (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) भरून देणारी घेतली, आणि दहाही बॉसची माहिती वहीत उतरवून काढली. आज विचाराल तर ती वही मला जवळजवळ निरुपयोगी ठरली असेच मी सांगेन, कारण बॉस काय काय करतो हे सगळे तिच्यात होते, पण त्या वेळी प्रीस्टने काय करायचे हे कुठेच वेगळे काढलेले नव्हते. पहिला बॉस लुसिफ्रॉन याच्या वेळी मला एवढेच ठाऊक असायला हवे होते की लोकांवर बसणारा एक मॅजिक डीबफ (अपाय करणारा मंत्र) दहा सेकंदांच्या आत डिस्पेल करायचा, म्हणजे काढून टाकायचा. शाप उतरवणे हे मेज आणि ड्रुइड या वर्गांच्या पात्रांचे काम आहे. चाळीस जणांचे काम एकटीने पाठ करायला बसले म्हणजे स्वतःचे काम त्या गर्दीत हरवते.

खरी परीक्षा बॅरन गेडॉन या बॉसपाशी झाली. तो आसपासच्या लोकांवर 'इग्नाइट माना' टाकतो, ज्यामुळे त्यांचा माना जळत जातो, आणि तो डीबफ काढणे हे प्रीस्टचे काम. त्याच वेळी तो कोणा एकाला 'लिव्हिंग बॉम्ब' लावतो. ज्याला तो लागेल त्याने आठ सेकंदांच्या आत सगळ्यांपासून दूर जायचे, एवढा साधा नियम आहे. मी हीलरांच्या घोळक्यात उभी राहून समोरच्या चाळीस जणांच्या आयुष्याच्या पट्ट्यांवर डोळे लावून एकेकाचा डीबफ काढत होते. काम छान चालले आहे, असे मला वाटत होते. अचानक पडदा हलला, मी हवेत उंच फेकली गेले, आणि खाली आले तेव्हा माझ्या बाजूचे चार हीलर मरून पडले होते. त्यानंतर टँक गेला आणि मिनिटभरात सगळी रेड वाइप झाली, म्हणजे हरली.

व्हॉइस चॅटवर लीडरने शांतपणे विचारले, बॉम्ब कोणाला होता? कोणी बोलेना. माझा हात बोलण्याच्या बटणावर होता आणि तो काही केल्या दाबवत नव्हता. शेवटी मी इंग्रजीत सांगितले की बॉम्ब मला होता आणि मला तो दिसलाच नाही. लीडर म्हणाला, ठीक आहे, पुढच्या वेळी डावीकडच्या भिंतीकडे जा. बस्स, एवढेच. आम्ही मेलेल्यांना उठवले, सगळ्यांवर पुन्हा बफ (बळ देणारे मंत्र) चढवले आणि दुसऱ्या प्रयत्नात गेडॉन पडला. त्या खेपेस बॉम्ब माझ्या वाट्याला आला नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. मी पिंगचे कारण पुढे केले, तेव्हा त्याने मला मध्येच थांबवले. "अगं, आठ सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. दीडशे मिलिसेकंदांनी त्यात काय फरक पडतो? तू सगळ्यांचे बार बघतेस, पण तुझा स्वतःचा डीबफ पडद्यावर कुठे दिसतो, ते सांग बघू." मी पाहिले. तो वर उजव्या कोपऱ्यात नखाएवढ्या चौकोनात येत होता आणि माझे डोळे रात्रभर डावीकडे खाली होते. त्या दुपारी मी पडद्याची सगळी मांडणी बदलली. बॉसच्या इशाऱ्यांचे ॲडऑन बसवले आणि स्वतःवरचे डीबफ ऐन मध्यावर, माझ्या पात्राच्या डोक्याशेजारी मोठे करून आणले. मला आजही असे वाटते की नवख्याचे चुकते ते बोटांमुळे कमी आणि नजर कुठे ठेवायची हे कोणी न सांगितल्यामुळे जास्त.

दुसरा बुधवार साधाच गेला. फिअर वॉर्डची पाळी आम्ही दोन ड्वार्फ प्रीस्टनी वाटून घेतली होती आणि ती चुकली नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते आणि त्याच दिवशी युरोपातली घड्याळे एक तास मागे गेली. त्यामुळे भाऊबीज होताच आलेल्या माझ्या तिसऱ्या बुधवारी रेड आमच्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली. उरलेसुरले फटाके अजून कुठेतरी वाजत होते, म्हणून मी खिडकी लावून घेतली. गेडॉनच्या आधी मी लीडरला न संकोचता विचारले की डावीकडची भिंत म्हणजे नक्की कोणती, आणि त्याने तिथपर्यंत चालत जाऊन जागा दाखवली. लढाई अर्ध्यावर असताना पडद्याच्या मध्यावर तो लाल चौकोन उमटला. एका टँकवर मी हील टाकायला घेतले होते. ते अर्धवट सोडले आणि पळाले. भिंतीपाशी पोहोचले तेव्हा तीन सेकंद उरले होते. मी एकटीच हवेत उडाले, खाली आले, जेमतेम जिवंत होते. दुसऱ्या प्रीस्टने माझी पट्टी भरली आणि मी परत येऊन डिस्पेल करू लागले.

गेडॉन कोसळल्यावर सगळे लूट पाहत असताना मी माना भरायला पाणी पीत बसले होते. दादाचा मेसेज आला: "भिंत सापडली वाटतं." मी "हो" एवढेच लिहिले, कारण लीडरने पुढच्या बॉसकडे, शॅझराकडे, निघायला सांगितले होते.