गाव कुठलं तुमचं?

लेकीकडे घोडबंदर रोडला राहायला गेले की लिफ्टमध्ये हा प्रश्न ठरलेला. "काकू, गाव कुठलं?" मी म्हणते, "ठाणे." "ते झालं हो, मूळ गाव?" "मूळही ठाणेच. चेंदणी कोळीवाडा." परवा वरच्या मजल्यावरच्या बाई थबकल्याच. "ठाण्यात कोळीवाडा आहे?"

आहे. ठाणे स्टेशनातून बाहेर पडलात की आमचं गावच लागतं. थोडं पूर्वेला, थोडं पश्चिमेला, मधून रूळ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. त्या गाडीचा अभिमान मलाही आहे. फक्त ती ज्या गावाजवळ येऊन थांबली, त्याचंही नाव कुणी घ्यावं असं वाटतं.

बाबा मीठबंदरावरून होडी काढायचे. ओहोटीला चिखलात उतरून निवटे, म्हणजे चिखलातले मासे, आणायचे. जिवंत निवटे टोपात टाकून आई वर पाटा ठेवायची, तरी एखादा निसटून चुलीमागे पळायचा आणि आम्ही पोरं त्याच्या मागे. मग राख चोळून चोळून त्यांचा बुळबुळीतपणा काढायचा. ते काम माझं. नखांत राख दोन दिवस राहायची, शाळेत हात मागे लपवून बसायचे मी. आज त्याचंच वाईट वाटतं. लपवण्यासारखं काय होतं त्यात?

ठाण्याची संस्कृती म्हटलं की गडकरी रंगायतन, १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय, पाडव्याची स्वागतयात्रा. हे सगळं माझंही आहे. ग्रंथसंग्रहालयातल्या पुस्तकांवरच मी वाढले. पण त्या यादीत माझ्या आईची मासळीची पाटी का नसावी? ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, लोक रोहित पक्षी बघायला येतात. फार बरं वाटतं. त्याच खाडीत आता सांडपाणी इतकं आहे, की आमच्या घरात निवट्यांचं कालवण होऊन कित्येक वर्षं झाली.

त्या बाईंना म्हटलंय, नारळी पौर्णिमेला माझ्याबरोबर चला. पालखी वाजतगाजत बंदरावर जाते, नारळ भरतीला सोडतात. भरती किती वाजता आहे ते भावाला विचारून कळवते.